आमची वाटचाल : पिवळ्या पाण्याचा खड्डा

२००७ साली एक जुना जेसीबी घेऊन सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत फौंड्र्यांची, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यांची, जळकी वाळू उचलायला सुरुवात केली. कर्ज बँकेचं, ड्रायव्हर मीच. आज कारखान्यांच्या घातक कचऱ्याचे खड्डे साफ करतो, पण घातक कचरा म्हणजे काय, हे तेव्हा माहीतही नव्हतं.

पुढं एका बंद पडलेल्या प्लेटिंग (धातूवर मुलामा चढवणाऱ्या) कारखान्याचे मालक म्हणाले, "जागा विकायचीय, मागचा गाळाचा खड्डा तेवढा बुजवून द्या." बुजवायचा म्हणजे मुरूम ओतून रोलर फिरवायचा, एवढंच आम्हाला ठाऊक. नशीब, शेजारच्या शेतकऱ्यानं आधी आपल्या बोअरचं पाणी दाखवलं. स्टीलच्या तांब्यातही पिवळं दिसत होतं. ते हेक्साव्हॅलंट क्रोमियम, प्लेटिंगमध्ये वापरतात ते क्रोमियमचं विषारी रूप. पाण्यात सहज विरघळतं, काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा पडल्या की त्यातून खाली उतरतं. पिण्याच्या पाण्यात क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम, डोळ्यांना पिवळं दिसेपर्यंत ती कितीतरी पटीनं ओलांडलेली असते.

मग बुजवणं राहिलं, उपसणं सुरू झालं. आणि तिथं आम्हीच शेण खाल्लं. मे संपता संपता खोदायला घेतलं, वर ताडपत्री नाही. दोन दिवसांत वळीव झाला आणि गाळाच्या खड्ड्याचं पिवळं तळं झालं. गटारात सोडणं सोपं होतं, एकानं सुचवलंही. मिरजेचे एक निवृत्त केमिस्ट्रीचे सर धावून आले. बादलीत ते पाणी घेतलं, ॲसिड घालून पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं पाणी आंबट) तीनच्या खाली आणला, चमचाभर सोडियम मेटाबायसल्फाइटची पूड टाकली. काडेपेटीची काडी ओढल्यासारखा उग्र वास आला आणि पिवळं पाणी बघता बघता हिरवं झालं. नंतर चुन्याची निवळी घातली, तर नासलेल्या दुधासारखे हिरवट गोळे तळाला बसले. "हे आता विरघळत नाही, गाळून पोत्यात भरा," सर म्हणाले. त्या कामात घरचे पैसे गेले, पण धंदा कुठला करायचा ते त्या बादलीनं ठरवलं.

आता पावसाळ्यात खड्ड्याला हात लावत नाही. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांच्या यादीत सांडपाणी प्रक्रियेचा असा गाळ ३५.३ नंबरला आहे. साधारण ९० दिवसांच्या वर साठवता येत नाही. आधी नमुना तपासणीला, मग पोती, मॅनिफेस्ट (कचऱ्यासोबत जाणारा नोंदीचा कागद) आणि डंपर पेठ नाक्यावरून रांजणगावच्या घातक कचरा विल्हेवाट केंद्राला. खड्डा रिकामा दिसला तरी तळाची आणि भिंतींची माती लॅबमधून पास होईपर्यंत खोदत राहावं लागतं. गिऱ्हाइकाला हेच पटत नाही.

साताऱ्याकडच्या एका कारखान्याची मोठी टाकी उपसण्याजोगी नव्हती, ती जागेवरच झाकली. चिकणमाती, त्यावर एचडीपीई लायनर (जाड प्लास्टिकचं अस्तर), पाणी वाहून जायला खडीचा थर, वर माती. लायनरच्या सांध्यात मध्ये पोकळी ठेवून दोन वेल्ड असतात. त्या पोकळीत हवा भरून दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा उतरतो का, बघत बसायचं. सगळं झाल्यावर मॅनेजरसाहेब वनमहोत्सवाला तिथं वड लावायचा म्हणून रोप घेऊनच आले! मुळं लायनर फोडतील म्हणून तो गेटजवळ लावला. वर फक्त गवत.

अशा जागेवर बंद केल्यानंतरही ३० वर्षं लक्ष ठेवायचं असतं. पावसाळ्याआधी आणि नंतर तिथल्या निरीक्षण विहिरीतून बाटली भरून आणायचं काम आता धाकट्याकडं दिलंय. ३० वर्षांचा हिशेब लावला तर शेवटची बाटली मी काही बघणार नाही.