अवघड जागेचं दुखणं

लघवीला जळजळ चार दिवसांपासून होती. उन्हाळी लागली असेल म्हणून धण्याचं पाणी पीत राहिलो. पाचव्या दिवशी ऑफिसातून येताना गाडी गतिरोधकावर आदळली आणि उजव्या अंडकोषातून जांघेपर्यंत कळ गेली. रात्री हुडहुडी भरून ताप. बायकोला फक्त ताप सांगितला. दोन दिवस अंगावर काढले. तिसऱ्या सकाळी ती बाजू लाल होऊन मोठ्या लिंबाएवढी सुजली, चड्डी घालवेना. तीच म्हणाली, "अहो, असे फाकून का चालताय? काय लपवताय?" मग सांगून टाकलं.

युरॉलॉजिस्टनी आधी विचारलं, दुखणं एकदम सुरू झालं की वाढत गेलं? अंडकोषाला पीळ पडला तर रक्तपुरवठा तुटतो. साधारण सहा तासांत ऑपरेशन झालं नाही तर तो वाचणं अवघड होत जातं. म्हणून लगेच डॉप्लर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी. तिथे भरल्या वेटिंगमध्ये काउंटरवरच्या बाईंनी मोठ्यानं विचारलं, "कुठल्या भागाची?" चिठ्ठी त्यांच्या हातातच होती. याचा राग अजून गेलेला नाही. याच धास्तीनं माणसं घरी कुढत बसतात.

आत डॉक्टरांनी टॉवेलची गुंडाळी करून अंडकोषाखाली सरकवली, गार जेल लावलं. स्क्रीनवर लाल-निळे ठिपके दाटून आले. "रक्त भरपूर खेळतंय. पीळ नाही, इन्फेक्शन आहे." माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

निदान एपिडिडिमो-ऑर्कायटिस: अंडकोष आणि त्याच्या मागे चिकटलेली वेटोळी नळी, दोन्हींना सूज. प्रोस्टेट, म्हणजे मूत्राशयाखालची ग्रंथी, वाढल्यानं माझी लघवी पूर्ण होत नव्हती; त्या लघवीतले जंतू शुक्रवाहिनीतून उलटे खाली उतरले होते. तरुणांमध्ये हे बहुतेकदा क्लॅमिडिया, गोनोरियासारख्या लैंगिक संसर्गातून होतं आणि मग जोडीदारालाही औषध घ्यावं लागतं. डॉक्टरांनी मलाही ते सरळ विचारलं, मीही सरळ उत्तर दिलं. माझ्या लघवीच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, ई. कोलाय हे आतड्यातले जंतू निघाले.

लेव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक, 14 दिवस. ताप तिसऱ्या दिवशी उतरला तशी गोळ्या बंद करायची इच्छा झाली, पण बायको रोज स्ट्रिप मोजायची. आधाराला सपोर्टर, टॉवेलात गुंडाळलेला बर्फ, आणि पडून राहणं.

अंडकोषामागे झालेली कडक गाठ मात्र सहा आठवडे हाताला लागत होती. कॅन्सरच असणार, या विचारानं कितीतरी रात्री जागून काढल्या. सूज हळूहळूच उतरते हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, तरी पुन्हा सोनोग्राफी होईपर्यंत जिवाला स्वस्थता नव्हती. ती साफ आली. आता रात्री प्रोस्टेटची एक गोळी चालू आहे, आणि जळजळ जाणवली की धण्याच्या पाण्याआधी लघवीची तपासणी.