किनारा आराखड्यावर हरकत घेताना : माझा अनुभव

किनारा आणि खाडीकाठच्या बांधकामांवर मर्यादा घालणाऱ्या सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या (सीआरझेड) २०१९ च्या अधिसूचनेनुसार केलेला जिल्ह्याचा प्रारूप आराखडा हरकतींसाठी खुला झाला, तेव्हा आमच्या खाडीचा नकाशा उघडून मी आधी तिवरांची, म्हणजे खारफुटीची, पट्टी शोधली. ती नव्हती. भरतीचा प्रभावही जुन्या पुलापाशीच संपलेला दाखवला होता. वनस्पतिशास्त्राची अभ्यासक म्हणून मी त्याच्या वरच्या अंगालाही तिवराची रोपे रुजताना वर्षानुवर्षे पाहत आले आहे.

खारफुटी धोक्यात आहे, एवढ्या विधानावर हरकत टिकत नाही. भरतीचा प्रभाव कुठवर मानायचा याचा निकष अधिसूचनेतच आहे : वर्षातल्या सर्वांत कोरड्या काळात पाण्याची क्षारता दर हजारी ५ भाग भरते तिथवर. म्हणून मे महिन्यात, उधाणाच्या भरतीला, होडीतून पुलाच्या वर जात ठरावीक अंतरांवर पाणी घेतले. क्षारता मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर थेंब टाकून तो उजेडाकडे धरला, की निळ्या-पांढऱ्या रंगांची सीमा एका आकड्यावर स्थिरावते. पुलाच्या बऱ्याच वरही ती ५ च्या खाली आली नाही. प्रत्येक नोंदीपुढे वेळ, अक्षांश-रेखांश आणि काठावरचा गट क्रमांक लिहिला, कारण सुनावणीत पडताळणी होते ती गट क्रमांकावरून.

तिवरांची पट्टी हरवण्याचे कारण नकाशाचे प्रमाण हे होते. १,००० चौरस मीटरहून मोठ्या खारफुटीभोवती अधिसूचना ५० मीटरचा संरक्षक पट्टा राखते. पण १:२५,००० च्या नकाशावर १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे २५ मीटर, त्यामुळे एवढे क्षेत्र तिथे ठिपक्याएवढेच उमटते. मी पट्टीच्या कडेने फिरून तिची सीमा गावनकाशावर आखून दिली.

सुनावणीत मच्छीमारांनी कोणत्या महिन्यात भरती कुठवर चढते ते सांगितले. इतिवृत्तात मात्र माझ्या तक्त्याचीच नोंद झाली. हे मला पटले नाही, कारण नमुन्यांच्या जागा मी त्यांच्याच सांगण्यावरून निवडल्या होत्या, आणि तसे मी पुरवणी निवेदनात लिहून दिले.

सुधारित नकाशात तिवरांची पट्टी आली आहे. भरतीच्या हद्दीबाबत फेरमोजणी करू, असे लेखी उत्तर मिळाले. ती मोजणी मे महिन्यातच व्हावी, अशी मागणी मी पुन्हा नोंदवली आहे. पावसाचे गोडे पाणी उतरल्यावर मोजले, तर हद्द पुन्हा पुलापाशीच येईल.