तुम्ही विचारलंत म्हणून: सोलापूर सोडून कुत कशाला?

"सर, आपल्याकडे 1930 साली मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल झाला, चौघं फासावर गेले. ते सोडून इंग्रजांच्या शिपायांचं काय सांगत बसता?" व्याख्यान झालं की कुणीतरी हे विचारतंच. एकदाचं लिहून टाकतो.

मार्शल लॉवर बोलणारे शहरात पुष्कळ आहेत. कुतवर, म्हणजे इराकमधल्या त्या गावाच्या वेढ्यावर, कुणी नाही. पहिल्या महायुद्धात, डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916, टायग्रिस नदीच्या वळणात तुर्कांनी इंग्रजांच्या फौजेतल्या सहाव्या पुणे डिव्हिजनला वेढलं. तीत 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या. सोडवायला आलेल्या फौजेची 20,000 च्या वर माणसं मेली-जखमी झाली, तरी वेढा फुटला नाही. सुमारे 13,000 जण कैद झाले. शिपायांना वाळवंटातून पायी हाकललं, हजारो मेले. त्यांचा सेनापती जनरल टाउनशेंड इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात राहिला. आपली माणसं पगारासाठी गेली होती, त्याची मला लाज नाही. म्हणजे, रोज नाही. 1930 साली सोलापुरात गोळ्या झाडणारे पोलीसही पगारीच होते.

बार्शी तालुक्यातल्या एका गावात, मारुतीच्या देवळापुढे बोलत होतो. शिधा संपत आला तशी घोडी कापायला लागले. आपल्या शिपायांनी कित्येक आठवडे त्या मांसाला हात लावला नाही. मग हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी आणवली आणि एप्रिलमध्ये बऱ्याच जणांनी खाल्लं. काहींनी शेवटपर्यंत नाही, हेही सांगितलं. ते कुणाच्या लक्षात राहत नाही.

पुढच्या रांगेतले एक आजोबा उठले. हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं.

"आमचा चुलत आजा तिथंच गेला. माळकरी होता. तुम्ही आज सगळ्या गावापुढं त्याला घोडा खायला लावलात."

"मी पलटणीचं बोललो, आजोबा."

"पलटण म्हंजी कोण? हितलीच पोरं न्हवं?"

फडक्यात काय असणार ते मला कळलं होतं. मेलेल्या शिपायाच्या घरी सरकारनं पाठवलेली काशाची चकती, तिच्यावर उठावाच्या अक्षरांत त्याचं नाव. इराकात मेलेल्यांचं बसऱ्याला स्मारक आहे, त्यावर गोऱ्यांची नावं कोरलेली आहेत. आपल्या साध्या शिपायांचा नुसता आकडा. म्हणजे त्या माणसाचं नाव बहुधा त्या चकतीवरच उरलं होतं, आणि आजोबांनी ती मला दाखवायलाच आणली होती. मी मागितली. त्यांनी गाठ आवळली आणि घरी गेले.

वीस वर्षांपूर्वीचा मी म्हणाला असता, पुरावा आहे तर बोलायचं, कुणाला काय वाटेल ते वाटो. आजही तेच म्हणतो. अन्नावाचून हिरड्या सुजलेल्या पोरानं घोडा खाल्ला तर त्यात कलंक कसला? पण हे म्हणणाऱ्याच्या घरी दर रविवारी मटण शिजतं. आजोबांच्या घरी आजही माळ आहे, आषाढीला पंढरीची वाट आहे.

एका मित्राचा सल्ला, तेवढा भाग गाळ. नाही गाळणार. तो गाळला तर शौर्य आणि पदकं उरतात, आणि ती सांगायला माझी गरज नाही. पुढच्या महिन्यात मोहोळला बोलावलंय. घोड्यांचं सांगणार आहे. कुणी उठून उभं राहिलं तर काय बोलायचं, ते मात्र अजून सुचलेलं नाही.