पिशवीतली तेलं आणि तिचे तळपाय

दर महिन्याच्या ९ तारखेला आमच्या ग्रामीण रुग्णालयात गरोदर बायकांची तपासणी असते. सुरक्षित मातृत्व अभियानाचा दिवस, त्यामुळे सकाळी आठलाच व्हरांडा भरतो. अशाच एका ९ तारखेला एक पहिलटकरीण सासूबाईंबरोबर आली. वय २१, आठवा महिना. माझ्यासमोर तिने पिशवीच रिकामी केली : घाण्याचं खोबरेल, बदामाचं तेल, एक महागडं क्रीम आणि मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली ट्यूब.

"मॅडम, पोटावर रेघा पडू नयेत म्हणून यातलं काय लावू?"

ट्यूबवर नाव होतं क्लोबेटासोल. जहाल स्टेरॉइड. त्याने कातडी पातळ होते आणि रेघा उलट वाढतात. ती मी काढूनच घेतली. बाकीच्यांबद्दल खरं ते सांगितलं. त्वचेच्या आतल्या थरातले तंतू ताणाने तुटतात, म्हणून रेघा पडतात. तेल वरच्या वर राहतं. आईच्या पोटावर असतील, वय कमी असेल, वजन भराभर वाढलं असेल, तर त्या पडण्याची शक्यता जास्त. तेलाने कातडी मऊ राहील, कोरडेपणाची खाज कमी होईल, पण रेघा हमखास थांबवणारं औषध नाही. हे सांगताना मला दर वेळी वाईट वाटतं. नवऱ्याला आवडेल का, ही भीती डोळ्यांत दिसते, तोंडाने कुणी बोलत नाही.

"खाजवू नको, वळ उठतील, असं सांगून दमले," सासूबाई म्हणाल्या. "रात्री हाताला मोजे बांधून झोपवते."

मी पुढचा केसपेपर ओढला होता. तेवढ्यात खालून खरखर ऐकू आली. चप्पल काढून ती तळपाय लोखंडी पायरीच्या कडेवर घासत होती, स्वतःच्याही नकळत.

"तळपाय खाजतात?"

"रात्री फार. तळहातपण. दहा दिवस झाले, डोळ्याला डोळा नाही."

तळव्यांवर पुरळ नव्हतं, नुसते ओरखडे. माझ्या पोटात गोळा आला. गरोदरपणात कधी कधी यकृतातून पित्त नीट वाहत नाही, पित्ताम्लं रक्तात साठतात. आईला खाज सुटते, आणि प्रमाण फारच वाढलं तर बाळ पोटातच दगावू शकतं. त्याच दिवशी रक्त घेतलं. पित्ताम्लं ५२ आली; एरवी ती साधारण १० च्या आत असतात, १०० च्या वर गेली की बाळाची काळजी फार वाढते.

तिला मेडिकल कॉलेजला पाठवलं. अर्सोडिऑक्सिकोलिक अॅसिडच्या गोळ्या, दर आठवड्याला रक्त, बाळाच्या ठोक्यांवर लक्ष. ३७ आठवडे भरल्यावर कळा आणल्या. मुलगी झाली, २ किलो ६०० ग्रॅम.

सासूबाईंनी फोनवर एवढंच म्हटलं, "मी मोजे बांधत बसले हो." मी त्यांना सांगितलं, तुम्ही घेऊन आलात म्हणून तर कळलं.

सहा आठवड्यांनी दोघी बाळाला घेऊन आल्या. खाज बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत गेली होती. पोटावर रेघा होत्याच, जांभळट, हळूहळू फिक्या पडतील अशा. तिने त्यांच्याबद्दल विचारलं, मी तेच उत्तर दिलं. मग तिचं कार्ड मागून घेतलं आणि त्यावर लाल शाईने लिहिलं : पुढच्या खेपेला तळव्यांना खाज सुटली, तर त्याच दिवशी यायचं.