कन्सोलवरची बंदी दुरुस्तीने का उठत नाही

माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या जुन्या एक्सबॉक्स ३६० पैकी (मायक्रोसॉफ्टचे व्हिडिओ गेम खेळायचे यंत्र) काही कन्सोलवर ऑनलाइन सेवेची कायमची बंदी असते, आणि एखादा भाग बदलून ती उठवावी अशी मालकाची अपेक्षा असते. ते शक्य नाही. बंदीची नोंद कंपनीच्या सर्व्हरवर त्या यंत्राच्या ओळखीवर झालेली असते. ही ओळख फ्लॅश मेमरीत कुलूपबंद असते आणि तिची किल्ली कारखान्यातच प्रोसेसरच्या आतल्या ई-फ्यूजमध्ये, म्हणजे एकदा जाळल्यावर पूर्ववत न होणाऱ्या सूक्ष्म फ्यूजमध्ये, कायमची कोरलेली असते. हार्ड डिस्क किंवा पॉवर सप्लाय बदलला, तरी सर्व्हरला यंत्र तेच दिसते. दुसऱ्या कन्सोलची ओळख यात घालून देणारेही आहेत. ते काम मी घेत नाही, कारण ती चोरीच आहे.

कायमचे कोरलेले कंपनीलाही पुसता येत नाही, हेही खरे. निन्टेन्डो स्विच या दुसऱ्या कन्सोलच्या टेग्रा चिपमधील बूट रॉमचा (यंत्र सुरू होताना सर्वात आधी चालणाऱ्या, चिपमध्येच कोरलेल्या प्रोग्रामचा) दोष २०१८ मध्ये उघड झाला, तेव्हा विकल्या गेलेल्या यंत्रांत तो अपडेटने बुजवता आला नाही.

मला खरी खंत वाटते ती प्रामाणिक दुरुस्तीची अडवणूक होते तेव्हा. ३६० ची डीव्हीडी ड्राइव्ह मदरबोर्डशी किल्लीने बांधलेली असते, त्यामुळे लेझर खराब झाल्यावर दुसरी ड्राइव्ह नुसती जोडून चालत नाही. मूळ ड्राइव्हचा सर्किट बोर्ड जपून त्याच मॉडेलच्या नव्या ड्राइव्हवर चढवावा लागतो. तो बोर्डच जळाला असेल आणि किल्ली आधी काढून ठेवलेली नसेल, तर काम फार अवघड होते.

उष्णतेचे दुखणे मात्र सोलापुरात हमखास दिसते. पूर्व भागातील यंत्रमागांजवळच्या घरांतून आलेल्या कन्सोलच्या हीटसिंकमध्ये (चिपची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांत) सुताचा तूस घट्ट बसलेला असतो आणि चिप व हीटसिंक यांच्यामधल्या थर्मल पेस्टचा खडूसारखा भुगा झालेला असतो. साफसफाई आणि नवी पेस्ट एवढ्यानेही पुष्कळ यंत्रे सावरतात. पण हार्डवेअर बिघाडाची खूण असलेले तीन लाल दिवे लागलेल्या सुरुवातीच्या ३६० मध्ये अनेकदा ग्राफिक्स चिपच्या आतलाच सांधा तुटलेला असतो, म्हणून हॉट एअरने शेकून ती काही दिवसच चालते, आणि रीबॉलिंगचे, म्हणजे चिप काढून तिच्याखालचे सोल्डरचे गोळे बदलण्याचे, पैसेही वाया जातात. याच बिघाडासाठी मायक्रोसॉफ्टला २००७ मध्ये वॉरंटी ३ वर्षांपर्यंत वाढवावी लागली होती.

जुना कन्सोल घेताना विक्रेत्यासमोरच तो इंटरनेटला जोडून स्वतःच्या खात्याने साइन इन करावे, आणि मगच पैसे द्यावेत. बंदी असलेल्या ३६० वर डिस्कवरचे खेळ ऑफलाइन चालतात. तेवढेच हवे असेल, तर तो कमी किमतीत अवश्य घ्यावा.