तुम्ही विचारलंत म्हणून: ते चौघे मागे का थांबतात?

‘एकटाच पुढे धावतो आणि बाकीचे चार मधल्या पट्ट्यात उभे. असला घाबरट खेळ बघायला तुम्ही पहाटे उठता?’ आइस हॉकीबद्दल मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. भाचे विचारतात, मैदानावर येणाऱ्या मुली विचारतात. इथल्या बाडा चौकात भेटणारे जुने खेळाडू तर जरा चिडूनच विचारतात, आणि त्यांची चीड मला कळते. हे हॉकीपटू रूपसिंगांचं ग्वाल्हेर आहे. १९३२ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये भारताने अमेरिकेचा २४-१ असा धुव्वा उडवला, त्यातले १० गोल एकट्या रूपसिंगांचे. (त्यांच्या नावाचं स्टेडियम आज बहुतेकांना सचिनच्या २०१० मधल्या द्विशतकामुळे ठाऊक आहे, याचं मला खरंच वाईट वाटतं.) अशा गावात हॉकी म्हणजे चेंडू मिळाला की सुटायचं, हेच लहानपणापासून मनावर ठसलेलं असतं.

तरीही सांगते, ते चौघे घाबरून थांबलेले नसतात. लढाई कुठे होणार हे त्यांनी आधीच ठरवलेलं असतं.

आधी मैदान समजून घ्या. एनएचएलची, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी साखळीची, रिंक (बर्फाचं मैदान) २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद. दोन निळ्या रेषांनी तिचे तीन भाग होतात आणि बरोबर मधोमध लाल रेषा. गोलकीपर सोडून दोन्हीकडे पाच-पाच गडी. समोरचा संघ आपल्या गोलजवळून पक (चेंडूऐवजी असलेली रबरी चकती) घेऊन निघतो, तेव्हा त्याला तिथेच गाठायचं याला फोरचेक म्हणतात. आक्रमक फोरचेकमध्ये दोघे थेट आत घुसतात. पक मिळाला तर गोलची संधी, हुकला तर मागे तिघेच उरतात. सावध फोरचेकमध्ये, म्हणजे १-२-२ मध्ये, एकच जण पुढे जातो, दोघे मधल्या पट्ट्यात आणि दोघे बचावपटू त्यांच्या मागे. मधल्या पट्ट्यातल्या या सापळ्याला तिकडे ट्रॅप म्हणतात.

आता त्या पहिल्या एकट्याकडे नीट बघा. तो सरळ धावत नाही, कमान घेऊन येतो. स्टिकचं पातं बर्फावर टेकवून तो पकवाल्या बचावपटूची दुसऱ्या बचावपटूकडे जाणारी वाट बंद करतो. मधली वाट मागच्या दोघांनी आधीच अडवलेली असते. मग उरते फक्त कड, आणि तिथे फळ्यांची भिंत. आपल्या हॉकीत चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेला की खेळ थांबतो. इथे भिंतीमुळे थांबत नाही, आणि भिंतीला खेटलेल्या गड्याला वळायला एकच बाजू उरते. पास त्याच्याकडे निघाला की सापळ्यातला जवळचा गडी आणि त्याच्या मागचा बचावपटू असे दोघे मिळून त्याला दाबतात. पक निसटला की समोरचे सगळे पुढे तोंड करून निघालेले असतात आणि त्यांच्यामागे मोकळी जागा पडलेली असते. उलटा हल्ला तिथून सुरू होतो.

कबड्डीत चढाईपटूला कोपऱ्यात यायला लावून साखळीने पकडतात, तेव्हा आपण टाळ्या वाजवतो. तिथे बचाव करणाऱ्यांना घाबरट म्हणायचं कुणाच्या मनातही येत नाही.

यातलं सगळ्यात अवघड काम दुसऱ्या गड्याचं. पक दिसतोय, हातभर लांब आहे, तरी जायचं नाही. आमच्या मुलींना हॉकीतला हाफ-कोर्ट प्रेस, म्हणजे मैदानाच्या मध्यापर्यंत मागे थांबून समोरच्यांना दाबणं, शिकवताना मी हेच सांगते: पास देणारीची मान चेंडूकडे खाली गेली की निघायचं, त्याआधी पाऊलही टाकायचं नाही. आधी निघालीस तर तिला तू दिसतेस आणि ती पास बदलते. जोरात धावायला मुली महिन्याभरात शिकतात, हे थांबणं शिकायला वर्ष जातं.

या डावाचं नाव झालं ते १९९५ मध्ये. प्रशिक्षक जाक लमेअर यांच्या न्यू जर्सी डेव्हिल्सने स्टॅनली कपच्या, म्हणजे एनएचएलच्या विजेतेपदाच्या, अंतिम फेरीत डेट्रॉइट रेड विंग्जला सामन्यांच्या मालिकेत ४-० असं हरवलं. डेट्रॉइट त्या मोसमातला साखळीतला अव्वल संघ, आणि चार सामन्यांत त्यांचे गोल फक्त सात. तेव्हाचे नियमही सापळ्याच्या पथ्यावर पडणारे होते. आपल्या भागातून थेट लाल रेषेपलीकडे पास देता येत नसे. लाल रेषेच्या अलीकडून पक लांब भिरकावला तर आइसिंग, म्हणजे खेळ पुन्हा तुमच्याच गोलजवळून. रेषा ओलांडून पक आत टाकलाच, तर डेव्हिल्सचा गोलकीपर मार्टिन ब्रोडर गोल सोडून बाहेर यायचा आणि तो अडवून आपल्या माणसाला द्यायचा.

साधारण ताकदीच्या संघांना या डावाने हिंमत दिली, म्हणूनही मला तो जवळचा वाटतो. फ्लोरिडा पँथर्स १९९६ मध्ये आपल्या तिसऱ्याच मोसमात अंतिम फेरीत पोहोचले. लमेअर यांचाच मिनेसोटा वाइल्ड २००३ मध्ये, तोही तिसऱ्याच मोसमात, उपांत्य फेरीपर्यंत गेला; वाटेत दोन मालिका त्यांनी १-३ अशा पिछाडीवरून जिंकल्या. उपांत्य फेरीत मात्र चार सामन्यांत त्यांचा एकच गोल झाला. नुसत्या सापळ्याने गोल होत नाहीत, हे मान्य.

कंटाळवाणेपणाची तक्रार खोटी नाही, पण तिचा रोख चुकतो. त्या काळात स्टिक अडकवून, जर्सी धरून पळणाऱ्याला रोखलं जायचं आणि पंच बरंच काही सोडून द्यायचे. खेळ तुंबला तो त्या ओढाताणीने. २००५-०६ च्या मोसमापासून पंच कडक झाले आणि निळी आणि लाल अशा दोन रेषांपलीकडच्या पासवरची ती बंदी उठली. गोलरेषेमागे गोलकीपरने पक कुठे खेळायचा यालाही मर्यादा आली आणि आइसिंग करणाऱ्या संघाला गडी बदलता येईनासे झाले. सापळा तरीही टिकला, कारण मधली जागा आधी भरायची ही त्यातली मूळ अक्कल कुठल्याच नियमाच्या आधारावर उभी नव्हती.

पुढे टॅम्पा बे लाइटनिंगने तो १-३-१ असा मांडला. ९ नोव्हेंबर २०११ ला फिलाडेल्फिया फ्लायर्सनी त्याविरुद्ध निषेध म्हणून पक आपल्याच भागात धरून ठेवला. टॅम्पाचा गडी पुढे येईना, फिलाडेल्फियाचा बचावपटू हलेना. प्रेक्षक हुर्यो करत होते आणि शेवटी पंचांनी शिट्टी वाजवली. त्या सामन्याचा उल्लेख करून लोक मला म्हणतात, बघा, तुमच्या डावाने खेळच थांबवला. मी टॅम्पाच्या बाजूने आहे. पक ज्याच्याकडे आहे त्याने वाट काढायची असते, आणि वाट असते. एक गडी लांब पाठवून मधल्या तिघांतला एक मागे ओढायचा, नाहीतर मागून वेगात येणाऱ्यासाठी पक सोडून द्यायचा. टॅम्पाने तो सामना जादा वेळेत २-१ असा जिंकला.