राणीच्या कोरड्या खाण्यातलं विष शोधताना

आमची कुत्री राणी खाण्याच्या बाबतीत नखरे करणारी नाही. वाटी समोर ठेवली की चाटूनपुसून साफ. म्हणून तिने नुसता वास घेऊन तोंड फिरवलं तेव्हाच मला ते खटकलं. मग उलट्या सुरू झाल्या आणि ती कोपऱ्यात पडून राहायला लागली. डॉक्टरांनी तिचा ओठ वर करून हिरड्या दाखवल्या. एरवी गुलाबी असतात, त्यांच्यावर पिवळी झाक आली होती. रक्तात एएलटी (यकृताला इजा झाली की वाढणारं एन्झाइम) आणि बिलिरुबिन (कावीळ आणणारं पिवळं द्रव्य) दोन्ही भरपूर वाढलेले. लेप्टोची, म्हणजे यकृतावर हल्ला करणाऱ्या एका जिवाणूच्या संसर्गाची, तपासणी निगेटिव्ह आली, तसं त्यांनी विचारलं, "खाण्याची नवीन पिशवी कधी फोडलीत?"

नुकतीच फोडली होती. त्यांनी ते खाणं तिथल्या तिथे बंद केलं. संशय होता तो अफ्लाटॉक्सिनचा, म्हणजे बुरशीने तयार केलेल्या विषाचा. त्यावर उतारा नाही, त्यामुळे सलाइन, यकृताची औषधं आणि रक्तस्राव होऊ नये म्हणून व्हिटॅमिन के, एवढंच हातात होतं. निघताना मला बजावलं, "पिशवी टाकू नका. बॅच नंबर त्याच्यावरच असतो."

घरी येऊन दाणे ताटात पसरून पाहिले. बुरशीचा ठिपका नाही, कुबट वास नाही, दाणा मोडला तरी आतून तसाच तपकिरी. मला हे पटेना. डॉक्टरांनी समजावलं तेव्हा उलगडा झाला. ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी मका, शेंगदाणा अशा कच्च्या मालावर शेतात किंवा गोदामात वाढते. पुढे कारखान्यातल्या उष्णतेने ती मरते, पण तिने सोडलेलं विष त्या उष्णतेला पुरून उरतं. 1960 मध्ये इंग्लंडमध्ये लाखभर टर्की कोंबड्या अचानक मेल्या, तेव्हा शेंगदाण्याच्या पेंडीतून या विषाचा शोध लागला. आज अमेरिकेत पाळीव प्राण्यांच्या खाण्यात 20 पीपीबीच्या वर अफ्लाटॉक्सिन सापडलं तर कारवाई होते. म्हणजे शंभर कोटी भागांत वीस भाग. डोळ्यांना काय दिसणार?

कंपनीला कळवलं तर उत्तर आलं, की तुमच्याकडे पिशवीला ओल लागली असेल. मला याचा फार राग आला. पण भांडायला पुरावा लागतो, म्हणून प्रयोगशाळा गाठली.

पिशवीतून वरचे मूठभर दाणे दिले होते. अहवाल स्वच्छ. मी हबकलेच. तिथल्या बाईंनी सांगितलं, की हे विष सगळीकडे सारखं नसतं. थोडे सडके दाणे पूर्ण पोत्याला पुरतात आणि नेमके ते मुठीत येतीलच असं नाही. पिशवीच्या वरून, मधून, तळातून दाणे घ्यायचे, एकत्र दळायचे आणि मग त्यातला नमुना काढायचा. अख्खी पिशवीच त्यांच्या ताब्यात दिली. सोबत ओलाव्याची तपासणीही करायला सांगितली. आख्ख्या प्रकरणात कामी आली ती हीच. या वेळी अफ्लाटॉक्सिन 20 पीपीबीच्या बरंच वर निघालं आणि ओलावा दहा टक्क्यांच्या आत. एवढ्या कोरड्या दाण्यावर बुरशी धरत नाही. म्हणजे विष कच्च्या मालासोबतच आत आलेलं होतं.

अफ्लाटॉक्सिनचा आणि ओलाव्याचा असे दोन्ही अहवाल, पिशवीवरच्या बॅच नंबरचा फोटो, बिल आणि डॉक्टरांची चिठ्ठी एकत्र जोडून कंपनीला पाठवलं, आणि पशुखाद्यावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्यालाही. त्यानंतर ओलीचा विषय पुन्हा निघाला नाही. त्या बॅचच्या पिशव्या दुकानांतून परत मागवल्याचं पत्र आलं.

राणीचं एएलटी अजून थोडं वर आहे. यकृताची गोळी चालू आहे, पुढचं रक्त लवकरच तपासायचं आहे. हिरड्यांवरचा पिवळेपणा मात्र गेला, आणि तिने वाटी पुन्हा चाटायला सुरुवात केली आहे.